पाव्हण्याच्या हातावरच्या खुणा

लोहाऱ्याजवळच्या त्या गावात पाव्हण्या पिराची कबर आहे. पीर कोण, कुठला, हे गावानं कधी विचारलं नाही. आलेल्याला आधी पाणी द्यावं, नाव-गाव मागाहून. उरुसाचा रिवाजही तसाच सरळ: ताहेराबी कबरीसाठी संदल, म्हणजे चंदन, उगाळणार, आणि ते झाल्यावरच शेजारच्या अमरसिंहाच्या घरचा गलेफ, कबरीवरची चादर, उंबरा ओलांडणार.

यंदा मात्र अमरसिंहाच्या डोक्यात किडा वळवळला. कॉलेजात इतिहास शिकवणारा माणूस. येशूविषयीचे नाना तर्क वाचता वाचता एकावर भाळला. येशू क्रुसावर मेलाच नाही, हातांतल्या खिळ्यांच्या जखमा भरल्यावर पूर्वेला आला, काश्मिरात राहिला. बहुतेक अभ्यासक हे मानत नाहीत, तेही त्यानं वाचलं होतं. पण पाव्हण्या पिराच्या हातांवर जखमा होत्या, असं गावची गोष्ट सांगते. झालं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. 'आपला पाव्हणा म्हणजेच येशू' असा व्हिडिओ करून त्यानं गावभर पाठवला.

उरुसाच्या सकाळी ताहेराबीची सहाण कोरडीच होती.

"येशू म्हंजी आमचे इसा नबी. त्यांना अल्लानं जित्तं वर उचललं, असं आमी मानतो," तिनं अमरसिंहाच्या आईला, गिरिजाबाईला सांगितलं. "त्यांची कबर म्हणून म्या संदल कसं उगाळू?"

गिरिजाबाई घडी घातलेला गलेफ मांडीवर घेऊन बसून राहिली. "तुझ्या पाव्हण्यानं आमचा पाव्हणा घालवला," एवढंच ती लेकाला म्हणाली. ताहेराबीच्याच अंगणात अमरसिंह लहानाचा मोठा झाला होता. तो उठून तिच्या दारात गेला.

"खाला, त्यो नुसता तर्क हाय. लोकं म्हणत्यात."

"म्हणू दे की. पण हाताच्या जखमा सांगितल्यास, मग आड कुठं गेला?"

गोष्ट अमरसिंहालाही पाठ होती. दुष्काळात पाव्हण्यानं गावासोबत आड खणला, त्यात त्याचे हात फुटले. त्याच आडाच्या पाण्यात संदल उगाळतात. आड त्याच्या तर्कात बसेना, म्हणून शहाण्यानं तो गाळला होता.

तिथंच उभ्यानं त्यानं दुसरा व्हिडिओ केला. "आपला पाव्हणा येशू हाय, ह्याला पुरावा न्हाय. म्या आड लपवला, ते चुकलं." तो सगळ्यांना पाठवला, आणि आडाचं पाणी शेंदून आणलं.

ताहेराबीनं सहाण त्याच्यापुढं सरकवली. "उगाळ. मास्तराचे हात काय झिजत न्हाईत." तो उगाळू लागला, तशी ती म्हणाली, "आन् त्ये काश्मीरचं सांग. मला पटायचं न्हाय, पर ऐकाया काय जातंय?"

अमरसिंह हसला. लई दिवसांनी त्याला शिकवावंसं वाटलं.

"काही जण तर म्हणत्यात, येशू नावाचा माणूस झालाच न्हाय."

"ह्ये तर तुझ्याहून वरताण," ताहेराबी म्हणाली. "मग?"

सांगता सांगता संदल दाट झालं. त्याचा वास भिंतीपलीकडं गेला, तशी गिरिजाबाई गलेफ डोक्यावर घेऊन उंबऱ्याबाहेर आली.