सुलक्षणाच्या मापाचा झगा

मित्रांनो, माझ्याजवळ आलात तर आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येईल. नाक मुरडू नका. मी एक जुना झगा आहे, नाटकातल्या राणीचा. रंग डाळिंबी, कापड मखमल, गळ्याला आणि बाह्यांना जरीचा पट्टा. त्या पट्ट्याची जर आता काळी पडली आहे, पण एके काळी दिव्यांच्या उजेडात ती अशी चमकायची की पुढच्या रांगेतल्या बायका नाटक सोडून माझ्याकडेच बघत बसायच्या.

घाटकोपरला अण्णांचं ड्रेपरीचं दुकान होतं. नाटकाचे कपडे, दागिने, मिशा, तलवारी असं सगळं तिथे भाड्यानं मिळायचं. दुकानाच्या मागच्या खोलीत लवू शिंप्यानं मला शिवलं. माप होतं एका सडपातळ नटीचं. ती एकदाच मला घालून गेली आणि पुन्हा फिरकली नाही. मी मात्र दुकानात राहिलो आणि त्या दिवसापासून राणी म्हणजे सडपातळ बाई, असा नियमच होऊन बसला.

तुम्ही म्हणाल, झग्यामुळे कसला आलाय नियम? तर ऐका. त्या काळी उपनगरांत गणपतीला कॉलनीकॉलनीत हौशी नाटकं व्हायची. मंडळाची माणसं अण्णांकडून ड्रेस घेऊन जायची आणि ज्याला ड्रेस बसेल त्याला पार्ट द्यायची. सेनापतीचा कोट ढगळ असला की सेनापती आडदांड शोधायचा. राजाचा अंगरखा तोकडा असला की राजा बुटका! आवाज, पाठांतर, अभिनय हे सगळं नंतर. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं. उलट माझ्यावरून राणी ठरते म्हणून मी जरा ताठ्यातच असायचो.

मुलुंड, अंधेरी, दिंडोशी, सगळीकडे मी मिरवलो. किती राण्या माझ्या अंगात येऊन गेल्या! काहींना धड चार वाक्यं बोलता येत नसत, पण मी बसायचो ना, मग झालं.

साल असेल पंच्याऐंशी-शहाऐंशी. बोरीवलीच्या एका कॉलनीत गड राखणाऱ्या राणीचं नाटक बसत होतं. बसवणारे नंदकुमार बँकेत नोकरीला. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा. त्यांनी मला मापाला म्हणून आधीच नेलं. तिथे मला सुलक्षणा भेटली.

सुलक्षणा दत्ताराम परब. वय एकोणीस. अंगानं चांगली भरदार, गोल चेहरा, रुंद खांदे, आणि आवाज असा की बोलायला लागली की हॉलमधले पंखेसुद्धा गप्प बसलेत असं वाटावं. वडील दत्ताराम गिरणीत होते. संपानंतर गिरणी सुटली, ते साकीनाक्याच्या एका कारखान्यात लागले आणि फारसं बोलेनासे झाले. गिरणीत असताना ते स्वतः नाटकांत कामं करायचे. हा नाद पोरीत उतरला होता. राणीचे संवादच काय, अख्खं नाटक तिला पाठ होतं. राणीचा पार्ट आपल्याला मिळावा, एवढंच तिला हवं होतं.

तिनं मला अंगात घातलं. पाठीवरचे हुक काही जवळ येईनात. मागून दोघींनी ओढलं आणि टर्रकन आवाज झाला. माझी बगलेतली शिवण गेली. सगळा हॉल हसला.

"अरे यार, वाट लागली ड्रेसची!" नंदकुमार म्हणाले. मग तिची समजूत घालावी तसं, "हे बघ सुलक्षणा, तू दासीचं काम कर. ती सारखी लाडू चोरून खाते ना, ती. तू नुसती स्टेजवर आलीस तरी लोक हसून लोळतील. झकास पार्ट आहे."

राणीचा पार्ट तिच्या मैत्रिणीला, रतनला मिळाला. रतन शिडशिडीत. मी तिला अगदी बेतून शिवल्यासारखा बसलो असतो. तूच फाडलास, आता तूच शिवून आण, म्हणून मला सुलक्षणाच्याच हातात दिलं.

त्या संध्याकाळी तिच्या घरी बांगड्याचं झणझणीत तिखलं होतं, पोरीच्या अगदी आवडीचं. तिनं ताटाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही चहावरच राहिली. आई, शेवंतीबाई, तिच्यावर ओरडल्या. शेवटी दत्ताराम आपल्या मालवणीत बोलले.

"चेडवा, सोड ता नाटक. लोक तुका हसतले. माका ता बघवत नाय."

"म्हणजे तुम्हांला पण असंच वाटतं ना बाबा? की मी हसण्यासारखी आहे?"

दत्ताराम उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मित्रांनो, एवढ्या राण्या मी पाहिल्या होत्या, पण माझ्यामुळे कुणी उपाशी राहिलेलं पाहिलं नव्हतं. माझा ताठा त्या घरात उतरला.

मग तिनं मला उलटं केलं, शिवायला. आणि तिचा हात थांबला. लवू शिंप्यानं दोन्ही बगलांना आतून भरपूर माया सोडली होती. चांगली तीन-तीन बोटं मखमल आत दुमडून पडली होती. बाहेर राणी ठरवणारा मी, आतून असा ऐसपैस होतो, हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं. तिनं आईला हाक मारली. शेवंतीबाई कापड चाचपून म्हणाल्या, "अगं, हा तर तुझ्या अंगाचा होईल की! पण दुसऱ्याची वस्तू. विचारल्याशिवाय उसवायची नाही."

म्हणून सुलक्षणा मला पिशवीत घालून घाटकोपरला आली.

अण्णा गल्ल्यावर बसले होते. बसले होते म्हणजे खुर्ची दिसत नव्हती, इतके अण्णा प्रशस्त. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात झटकला. "छे छे! ड्रेस बघून माणूस शोधायचा असतो, बाळ. माणसागणिक उसवत बसलो तर दुकान चालायचं कसं?"

"अण्णा, तुम्ही कधी नाटकात काम केलंत?"

"मी?" अण्णा हसले. मग हसू जरा रेंगाळलं आणि गेलं. भिंतीवर राजांचे अंगरखे ओळीनं टांगले होते. त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, "फार इच्छा होती गं. पण यातला एकही मला बसत नाही."

"दुकान तुमचं, शिंपी तुमचा. आणि तुम्हीच कपड्यांचं ऐकत बसलात?"

अण्णांनी उठून एका अंगरख्यावरून हात फिरवला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "लवू! ब्लेड घेऊन ये. या पोरीचं माप घे."

शिवणी सुटत गेल्या, तसा मी मोकळा होत गेलो. आत दडलेल्या मखमलीवर कधी ऊन पडलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही कुशींना गडद डाळिंबी पट्टे दिसू लागले. लवू म्हणाला, वरून जरीची पट्टी लावून झाकतो. सुलक्षणा म्हणाली, राहू दे, दिसू दे.

ती मला घालूनच तालमीला उभी राहिली. नंदकुमार गोंधळले. "अगं, पण आता रतनला..."

"सर, पाया पडते, मला सोडवा," रतन मध्येच म्हणाली. "राणी तीच आहे. मी नुसती हँगर होते!"

नाटकाच्या दिवशी मंडप भरला होता. शेवंतीबाई पुढे बसल्या होत्या. दत्ताराम येतो म्हणाले नव्हते, पण आले आणि शेवटच्या रांगेमागे कनातीला टेकून उभे राहिले. अण्णाही आले, दुकान बंद करून.

शत्रूचा वकील दरबारात येतो, गड खाली करा म्हणतो, असा प्रवेश होता. सुलक्षणा आत आली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, दरवाजा मोठा करा रे! राणी अडकली!"

मंडप खदखदून हसला. माझ्याखाली तिचं काळीज असं धडधडलं की माझी जर थरथरली. मागे दत्तारामांनी मान खाली घातली आणि बाहेर जायला कनात उचलली.

सुलक्षणानं हसू ओसरू दिलं. मग शांतपणे दोन पावलं पुढे आली, पाय रोवून उभी राहिली आणि त्या बिचाऱ्या वकिलाकडे बघून म्हणाली, "वकीलसाहेब, आपल्या महाराजांना आमचा निरोप सांगा. गड घ्यायचं मागाहून बघा. आधी ही राणी जागची हलवून दाखवा!"

हे वाक्य नाटकात नव्हतं. आणि मग जो काही टाळ्यांचा कडकडाट झाला! शिट्ट्या काय, आरोळ्या काय! त्या सगळ्या गलक्यातून एक आवाज वर आला, कित्येक वर्षांत घरात कुणी ऐकला नव्हता इतका मोठा.

"वा गो माझ्या चेडवा!"

दत्ताराम कनात सोडून मधल्या वाटेनं थेट स्टेजपर्यंत आले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. सुलक्षणा राणी होती, तिला रडून चालणार नव्हतं. ती रडली नाही. पुढचं नाटक कसं रंगलं ते काय सांगू!

पुढच्या वर्षी अण्णांनी लवूकडून स्वतःच्या मापाचा राजाचा अंगरखा शिवून घेतला आणि साठी उलटल्यावर पहिल्यांदा तोंडाला रंग लावला. सुलक्षणा राणी, अण्णा राजा. सिंहासन तेवढं जरा मजबूत मागवावं लागलं. आणि त्या कॉलनीत आधी पार्ट ठरू लागले, मग लवूला बोलावणं जाऊ लागलं.

मग मंडपांत व्हिडिओ आला. लोकांना रात्रभर पिक्चर बघणं बरं वाटू लागलं. नाटकं कमी झाली, आमची बोलावणी थांबली. अण्णा गेले, दुकान बंद झालं आणि मी या ट्रंकेत आलो. मखमल जागोजाग विरली आहे. ऊन दाखवलंत, बुरशी झटकलीत तर अजून काही दिवस काढीन. पण माझं जाऊ द्या.

तुमच्या घरात एखादी मुलगी किंवा मुलगा आरशासमोर पोट आत ओढून, श्वास कोंडून हुक लावायची धडपड करत असेल, तर मित्रांनो, हसू नका. जवळ जा आणि सांगा, "श्वास सोड बाळा. हुकाचं आम्ही बघतो."