उंच ट्रेलरवरची मोटार

मालगुजारी, म्हणजे गावांची जमीनदारी, सरकारजमा होऊन दोन वर्षं झाली, तरी नानाजींचा रुबाब गेला नव्हता. गेलं होतं ते त्यांच्या मोटारीचं इंजिन. मूल गावच्या जंगलात एका चढावर ती खोकली आणि जी बसली ती बसलीच. त्या दिवसापासून ड्रायव्हर लटारूचा जीव टांगणीला लागला. चांद्याच्या मिस्त्रीने मोटार सुरू केली तर ठीक, नाहीतर नानाजी त्याला पुन्हा धानाच्या बांधीत चिखल तुडवायला पाठवणार होते. बारा वर्षं खाकी कोट घातलेल्या माणसाला ते कसं सोसावं?

मोटार न्यायला ट्रेलर हवा होता. लाकडाच्या ठेकेदाराकडे दोन होते. एक बुटका, रुंद, रबरी चाकांचा; दोन फळ्या लावल्या की मोटार वर. दुसरा सागाचे ओंडके वाहणारा, लोखंडी चाकांचा आणि छातीइतका उंच. लटारूने दोन्हींच्या खाली शिरून आस ठोकून पाहिले.

"मालक, बुटकाच घ्या. वजन बराबर मधात पडते."

नानाजी भडकले. "बुटक्यावर निजवून नेऊ काय तिले? लोकं म्हनतीन, मालगुजाराची मयत चालली! मी आत बसून राह्यलो, तर लोकाइनं मान वर करूनच रामराम केला पायजे."

"तुमी आत बसनार?"

"मंग काय आपल्याच मोटारीच्या मांगं पायी चालू?"

झालं. उंच ट्रेलर ठरला. मोटार चढवता चढवता वीस गड्यांचा घाम निघाला. रेड्यांच्या चार जोड्या जुंपल्या, हाकायला गडी सुकलू बसला आणि नानाजी मागच्या सीटवर उपरणं सावरून बसले. लटारू बिचारा पुढे पुढे धोंडे उचलत चालला. वाटेतल्या प्रत्येक गावात लोक तोंड वर करून जमले, कुठे बायांनी ओवाळलंसुद्धा. नानाजींची कळी अशी खुलली की मालगुजारी गेली हेच ते विसरले.

चांद्याच्या परकोटाच्या दरवाजाशी मात्र घोटाळा झाला. मिस्त्री आत, मोटार बाहेर, आणि मोटारीचं टप दरवाजापेक्षा चार बोटं उंच.

"मी मिस्त्रीले इथीच घेऊन येतो मालक," लटारू धावायच्या बेतात म्हणाला.

"काऊन?" नानाजी म्हणाले. "इंजिन सुरू झालं म्हंजे मोटार खाली उतरवा लागन. खालून कोन पायते आपल्याले? फिरवा मांगं."

लटारूने ट्रेलरची कड धरली. "मंग मालक, माहं कसं?"

"तुहं काय? चढ वर. बिना ड्रायव्हरची मोटार कोनी पायली काय?"

लटारू चढला. कोटाची बटणं लावली, चाक धरलं. नोकरी राहिली होती. पहिल्याच वळणावर सवयीने त्याने चाक डावीकडे फिरवलं, आणि त्याला हुंदका आवरेना, कारण रेड्यांमागे ट्रेलर वळला तशी मोटार खरंच डावीकडे वळली.