धुळ्यावरचा आरोप

सन २०२४, नोव्हेंबरातील तिसरा सोमवार, सकाळची वेळ. स्थळ जळगावच्या मेहरूण भागातील एका खासगी रुग्णालयाचा तातडीचा विभाग. धान्याचे व्यापारी झुंबरलाल येथे अकरा महिन्यांच्या नातीला घेऊन आले होते. आणि नातीबरोबर एक सिद्ध झालेला खटलाही.

नात विधी हिला ताप होता. हिरड्या सुजून लाल झाल्या होत्या, जिभेवर फोड होते, आणि कालपासून ती पाण्याचा घोटही घेत नव्हती. हे सारे धुळ्याहून आले, याविषयी झुंबरलालांना तिळमात्र शंका नव्हती. भाऊबीजेला माहेरी गेलेली सून पुनम तिला घेऊन गेल्याच आठवड्यात धुळ्याहून परतली होती. पुढच्या महिन्यात पुनमच्या भावाचे लग्न. त्याला मायलेकींनी जायचे नाही, असा हुकूम त्यांनी गाडीतच सोडला होता आणि तो आता डॉक्टर रूपालींनाही ऐकवला.

"तिकडे सारी गल्ली हिचे मुके घेते. आमच्या घरी हे चालत नाही."

"विषाणूचा संसर्ग आहे," डॉक्टर तोंड तपासत म्हणाल्या. "हिला भरवतं कोण?"

"मी. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही. खिचडीचा प्रत्येक चमचा आधी ओठाला लावून बघतो. पोळलं तर मला पोळेल."

"आणि ओठावर हे काय?"

"ते होय? मला ताप होता, तो ओठावर फुटून निघून गेला. फोड दिसला, म्हणजे ठणठणीत झालो. त्याच दिवसापासून पुन्हा भरवायला बसलो."

"काका, त्या फोडात हाच विषाणू असतो."

झुंबरलाल डगमगले नाहीत. "धुळ्यातही कुणाच्या ओठावर असेल."

"असेल. मी शपथ घेणार नाही. होता का कुणाला?"

"नाही, मॅडम," पुनम सकाळपासून प्रथमच बोलली.

"माहेरची साक्ष," झुंबरलाल म्हणाले.

"तुमचा ओठ तर सासरचाच ना?" त्यांच्या पत्नी चंदनबाईंनी विचारले.

दुखणे थांबवणारे औषध लागू पडले, तशी विधी पाण्याच्या वाटीकडे झेपावली. झुंबरलालांनी लगबगीने चमचा भरला आणि पाणी फार गार तर नाही ना, हे पाहण्यासाठी ओठाकडे नेला.

डॉक्टरांनी तो वाटेतच काढून घेतला, दुसरा स्वच्छ चमचा पुनमच्या हाती दिला आणि म्हणाल्या, "पाणी आई पाजेल. ही बरी झाली की लग्नालाही जाईल. तुम्ही ओठ सुकेपर्यंत लांब राहा."