सत्तावन्न पानांचं झाड

यामिनी आणि शिशिर यांनी चंदीगडशेजारच्या मोहालीतल्या एका भाड्याच्या खोलीत आठ महिने खपून रोजनिशीचं अ‍ॅप तयार केलं. नाव ठेवलं ‘आजचं पान’. रोज मनातलं चार ओळींत लिहायचं, की पडद्यावरच्या झाडाला एक पान फुटायचं आणि दहा गुण मिळायचे. दर तिसऱ्या दिवशी सोनेरी पान फुटायचं. एक दिवस चुकला की सगळी पानं गळायची. खेळ म्हणून का होईना, माणसं लिहितील आणि त्यांचं मन हलकं होईल, अशी दोघांची कल्पना होती.

यामिनीच्या वडिलांची बदली चंदीगडला झाली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तेव्हापासून तिथल्या मराठी मंडळातली सगळी मंडळी तिच्या ओळखीची. त्यातल्याच वीस जणांना तिने अ‍ॅप वापरून बघायला दिलं. कोणी काय लिहिलं ते तिला दिसत नसे. किती शब्द लिहिले, एवढंच कळे.

सत्तावन्न दिवसांनी पहिल्या नंबरावर होते रघुवीरकाका. सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झालेले, वर्षापूर्वी पद्मिनीकाकू गेल्यापासून एकटेच राहणारे. त्यांच्या झाडाला पान ठेवायला जागा उरली नव्हती. पण यामिनीच्या लक्षात आलं, की काका रोज तीनच शब्द लिहितात. एकही दिवस दोन नाहीत, की चार नाहीत.

रविवारी सकाळी ती त्यांच्याकडे गेली. काका गच्चीत उन्हात बसून मटार सोलत होते.

“काका, एक विचारू? तुम्ही रोज लिहिता तरी काय?”

“आज बरं आहे,” काका म्हणाले.

“नाही, म्हणजे अ‍ॅपमध्ये.”

“तेच सांगतोय. ‘आज बरं आहे.’ तेवढ्यावर पान फुटतं. अगं, मंडळातल्या सरलाबाईंनी चार दिवस उशिरा सुरू केलं, म्हणून माझ्या मागे चारच पानांनी आहेत. त्यांना काय पुढे जाऊ देतो?”

यामिनीला हसू आलं. काकाही हसले आणि सहज म्हणाले, “मध्ये तीन दिवस तापाने फणफणलो होतो. डोळे उघडवत नव्हते. तरी पान चुकवलं नाही.”

“तेव्हा काय लिहिलंत?”

“आज बरं आहे.”

यामिनीचं हसू थांबलं. तापाच्या त्या तीन दिवसांतही अ‍ॅपने काकांना ‘अभिनंदन’ म्हणून सोनेरी पान दिलं असणार. ते पान तिनेच दोन दिवस बसून रंगवलं होतं. काकांना ताप आहे हे मात्र त्यांच्या शेजाऱ्यांनाही कळलं नव्हतं.

सोमवारी तिने शिशिरला सांगितलं, “गुण काढून टाकू. नंबर काढू. पानं गळणंही नको.”

शिशिर चंदीगडमध्येच जन्मलेला, मराठी बोलताना मध्येच हिंदीत घसरायचा. “यार, पागल आहेस का? पुढच्या आठवड्यात विद्यापीठातल्या समुपदेशकांना दाखवायचंय. लोग उसी के लिए आते हैं. पानं काढलीस तर उरलं काय?”

“लिहिणं उरलं.”

दिवसभर वाद झाला. शेवटी ठरलं, की झाड ठेवायचं, पण नंबर आणि गुण जातील, दिवस चुकला तर झाड नुसतं थांबेल, आणि रोज एक साधा प्रश्न विचारायचा. आज कोणाशी बोललात? कशाचा राग आला?

पहिल्या चार दिवसांत वीसपैकी नऊच जणांनी लिहिलं. शिशिर दर तासाला तो आकडा बघत होता. रघुवीरकाकांचं झाडही थांबलं होतं. पाचव्या दिवशी दुपारी त्यांचाच फोन आला.

“माझे गुण कुठे गेले?”

“मीच काढले, काका.”

“कशाचा राग आला म्हणून विचारतं तुझं अ‍ॅप. तुझाच आला होता. तेच लिहिलं, चांगलं पानभर. ऐकवू?” आणि तिच्या होकाराची वाट न बघता ते वाचू लागले. सुरुवातीला यामिनीच्या नावाने खडे फोडले होते. पुढे लिहिलं होतं, की पद्मिनी असती तर मटार सोलता सोलता म्हणाली असती, सत्तरीच्या माणसाला पानं मोजायची कसली हौस. मग ती कशी हसायची, ते. मग तापात पाणी द्यायला कोणी नव्हतं, ते. त्यांनी सगळं शेवटपर्यंत वाचलं.

“काका, आत्ता येऊ का तुमच्याकडे?”

“ये की. पण आता मी सरलाबाईंकडे निघालोय, उद्या ये. त्यांना विचारायचंय, त्या काय लिहायच्या.”

समुपदेशकांना नवं रूप आवडलं. त्यांनी पन्नास विद्यार्थ्यांपुरतं वापरून बघायचं ठरवलं. परतताना शिशिरने गाडीतला रेडिओ बंद केला.

“एक सांगू? मी आपल्या अ‍ॅपमध्ये एकदाही लिहिलेलं नाही,” तो म्हणाला. “टेस्टिंगला फक्त ए बी सी टाकायचो.”

“मीही नाही,” यामिनी म्हणाली.

त्यांनी वाटेत एका बागेसमोर गाडी लावली आणि बाकावर बसून आपापले फोन काढले. यामिनीचं दहा मिनिटांत आटोपलं. शिशिर मात्र मान वर न करता लिहीतच होता. मध्ये तिने दोन चहा आणून ठेवले. त्याचा चहा गार झाला, तेव्हा तिने तोही पिऊन टाकला.