घंटी न वाजताही

घंटीबाबांनी मुलीच्या पाठीमागे घंटी वाजवली आणि मुलीने गर्रकन मान वळवली. हॉलमधली माणसं उठून उभी राहिली, कुणी डोळे पुसले. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या पोरीला कानातल्या श्रवणयंत्राशिवाय ऐकू आलं होतं. मी मागच्या खुर्चीवर बसूनच राहिले. बावीस वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवतेय. असे चमत्कारवाले मी पाहिलेले हे पाचवे बाबा.

मुलगी माझीच विद्यार्थिनी, सहा वर्षांची. सुट्टीनंतर ती घराजवळच्या साध्या शाळेत पहिलीत बसणार होती. त्यासाठी यंत्र लावून रोज ऐकणं-बोलणं व्हायला हवं होतं. पण यंत्राने कान आळशी होतात, असं बाबांनी सांगितलं आणि तीन आठवडे यंत्र डबीत पडून राहिलं. पोरीचं बोलणं दिवसेंदिवस अस्पष्ट होत चाललं होतं. कानातली नस झोपली आहे, तिला हाक मारून उठवायची, असं बाबा समजावत. ऐकू येत नाही हीच तर भानगड, मग हाक ऐकणार कोण, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

बाबांचा एक नियम होता. आईने मुलासमोरच बसायचं, मायेची ओढ लागते म्हणे. माझं मन तिथेच अडकलं. आमच्याकडे कान तपासताना आईला मुलाच्या मागे बसवतात आणि आवाज आला तरी चेहरा हलू द्यायचा नाही, अशी ताकीद देतात. दुसऱ्यांदा घंटी वाजली तेव्हा मी मुलीकडे पाहिलंच नाही, आईकडे पाहिलं. तिच्या भुवया वर गेल्या, ओठ विलगले. मग मुलगी वळली.

मी मंचावर गेले आणि आईला भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितलं. बाबा म्हणाले, माया तुटेल. मुलीचा बाप गॅरेजात मेकॅनिक. गाडी चालवून बघितल्याशिवाय तो ती कुणाच्या हवाली करत नाही.

"तुटू दे," तो म्हणाला. "एकदा बघू."

घंटी तीनदा वाजली. मुलगी आईच्या पाठीकडे बघत बसून राहिली. मग मी आईला पुन्हा समोर वळवलं, घंटी मागून घेतली, आतला लोलक मुठीत गच्च धरला आणि घंटी वाजली असं समज, म्हणून आईला सांगितलं. घंटी वाजलीच नाही. आईच्या भुवया उचलल्या आणि पोरगी हसत मागे वळली.

"म्हणजे मीच तिला फसवत होते?" आईने विचारलं.

"नाही गं. मान वळवली की आई खूश होते, एवढं तिला कळलंय. म्हणून ती वळवते."

हे बोलताना मला रडू आलं, आणि रागही आला.

श्रद्धा कमी पडली, असं बाबांनी जाहीर केलं. भाषण करायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी इतकंच म्हणाले की यंत्र उठल्यापासून झोपेपर्यंत कानात हवं. घरात टीव्ही बंद करून, उजेडात, समोर बसून बोला. वर्गात तिला पहिल्या बाकावर बसवा आणि फळ्याकडे तोंड करून शिकवू नका, असं बाईंना सांगा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तो तपासला कसा, हे आधी विचारा.

आपापली मुलं घेऊन बाबांसाठी रांग लावलेली निम्मी माणसं तशीच उभी राहिली. मला त्याचं नवल वाटलं नाही. आईने पर्समधून डबी काढली, पोरीच्या कानात यंत्र बसवलं आणि तिचा हात धरून ती रांगेतल्या पहिल्या बाईपाशी गेली.

"ताई," ती म्हणाली, "तुमचा नंबर आला की भिंतीकडे तोंड करून बसा."