देवमाशाचं श्याण

पोरगी समिंदरात श्याण गोळा कराय चाललीया, एवढंच आमच्या मालकांनी ऐकलं आन् घर डोक्यावर घेतलं.

मालक म्हंजी मानसिंग. मिल्ट्रीतनं सुभेदार होऊन घरी आल्यात, पण हुकूम सोडाय त्यांना अजून माणूस लागतंच. आमची अंकिता विश्रामबागेत कॉलेज शिकली, आता देवमाशांवर संशोधन करतीया. तिला कोचीवरनं सुटणाऱ्या बोटीवर घेतलं. काम काय, तर देवमासा वर येऊन घाण करतो, ती जाळीनं गोळा करायची आन् तपासायची. ही बातमी कडेगावात चहाच्या टपरीवर गेली. लोकं हसली. झालं, मालकांचं नाक कापलं गेलं. त्यांनी तिची बॅग, आधार कार्ड, सगळं काळ्या पेटीत घालून कुलूप लावलं आन् किल्ली करदोट्याला बांधली.

"सुभेदाराची लेक श्याण भरती म्हणून पावण्यांना सांगू व्हय?"

माझं डोस्कंच फिरलं. जन्मभर गोठ्यातलं श्याण मी भरलं, तवा ह्यांचं नाक कुठं हुतं?

पोरगी चुलीपाशी येऊन मुसमुसाय लागली. म्या म्हणलं, "रडू नगं. त्या घाणीत हाय तरी काय, ते नीट सांग."

"आई, मासं न्हाईत ते, जनावरं हाईत. पिल्लाला दूध पाजत्यात. खोल बुडी मारून खात्यात आन् वर येऊन घाण सोडत्यात. त्यावर पाण्यात बारीक शेवाळ वाढतं, शेवाळावर किडं जगत्यात, किड्यांवर मासं आन् हे देवमासंबी. एका दर्यात चरायचं, दुसऱ्या दर्यात पिल्लं घालाय जायाचं, आन् जातील तिथलं पाणी खतवायचं. पूर्वी माणसांनी देवमासं मारून संपवलं. वाटलं, आता खाणारं गेलं, किडं लय वाढतील. तर किडंबी कमी झालं."

"अगं, मग ही धुळा धनगराची मेंढरंच की."

ती डोळं पुसत हसली. मला तिथंच सुचलं.

धुळा धनगर दरसाल मेंढरं घिऊन ह्या वाटंनं जातो. ऊस तुटून रान मोकळं झालं, की मालक त्याला आडवं जाऊन चहा पाजत्यात, जोंधळं देत्यात आन् मेंढरं आपल्या रानात बसवून घेत्यात. लेंडीखतासाठी चुलतभावाशी, जयराजशी, दरसाल भांडत्यात.

दुसऱ्या दिवशी धुळा आला. मी बांधावर उभी ऱ्हायले. "धुळा, हितं न्हाई बसवायची. जयराजच्या रानात ने. आमच्या मालकांना श्याणाची लाज वाटतीया."

धुळा चकित झाला, पण त्यानं कळप वळवला. पुढची मेंढरं जयराजच्या बांधाला लागली, तवर मालक धावत आलं.

"साळू, येड लागलं का? खत चाललं आपलं!"

"जाऊ दे की. टपरीवर लोकं हसत्याल. सुभेदाराच्या रानात लेंड्या."

"ते येगळं."

"काय येगळं? ही मेंढरं रान खतवत्यात, ते देवमासं दर्या खतवत्यात. ह्यांच्यामागं फिरणाऱ्या धुळाला तुमी चहा पाजता, आन् त्यांच्यामागं जाणाऱ्या लेकीला कोंडता. किल्ली द्या."

मालक धुळाकडं बघाय लागलं. धुळानं मान खाली घालून बिडी पेटवली. तिकडं जयराज खांद्यावर जोंधळ्याचं पोतं घिऊन घरातनं निघालेला दिसला, तशी मालकांनी करदोट्याची गाठ सोडली.

"घे. आता वळवाय सांग."

"अजून न्हाई," म्या म्हणलं. "ह्या घरात एवढी वर्सं काढल्यात मी, तुमास्नी वळखती. पोरगी गाडीत बसल्याबिगर मेंढरं वळायची न्हाईत."

अंकितानं माझ्याकडनं किल्ली नेऊन पेटी उघडली आन् बॅग घिऊन ती एस्टीनं मिरजंला गेली. तवर मी बांधावरनं हलले न्हाई. मालक रागानं फुरफुरत माझ्याशेजारी उभं. धुळा मेंढरं मधल्या पडीक तुकड्यात थोपवून बसला. शेवटाला फोन वाजला. पोरगी म्हणाली, "आई, रेल्वे सुटली."

"धुळा, वळव रं," म्या हाक मारली.

मेंढरं रानात शिरली, बसली. म्या जोंधळं स्वतः मापून धुळाच्या झोळीत घातलं आन् मालकांच्या हातात खराटा दिला.

"उद्यापास्नं गोठा तुमचा. लाज वाटली तर डोळं झाका."