हाडं उकळणारा हंडा

मी हंडा आहे. बिडाचा. सानचंगकडच्या एका डोंगरगावात, हाकसूच्या घरी चुलीत बसलोय. बसलोय म्हणजे चारी बाजूंनी मातीने लिंपलेला. मला हलवायचं तर चूल फोडावी लागेल. बोलायची मला सवय नाही. पण हाकसूच्या बायकोची, बोंगिमची पाठ दिसते आणि गप्प राहवत नाही.

माझा जन्म वाळूतला. साच्यात वितळलेलं बीड ओतलं आणि मी थंड होईपर्यंत ओतारी तंबाखू ओढत बसला. पुढे बाजारात हाकसूच्या आईने मला बोटाने वाजवून पाहिलं. आवाज खणखणीत आला. तिने मला घरी आणलं, डुकराची चरबी चोपडली, जाळली, पुन्हा चोपडली. मी काळाभोर झालो.

आमच्याकडे नव्या घरात माणसांआधी हंडा शिरतो. मी असाच शिरलो. अंथरुणं, कपडे, माणसं मागून आली. हाकसू तेव्हा आईच्या पाठीशी बांधलेला होता. या घरात पहिला मी, याचा मला गर्व होता. अजून आहे. लपवत नाही.

बोंगिम सून म्हणून आली तेव्हा सासूने तिला माझ्यापुढे उभं केलं.

"मी सुनेचा चेहरा बघत नाही," म्हातारी म्हणाली. "हंड्याचं झाकण बघते."

बोंगिम झाकण पुसायला लागली. प्रत्येक जेवणानंतर, ओल्या फडक्याने, त्यात चेहरा दिसेपर्यंत. म्हातारी गेली तरी तिने पुसणं सोडलं नाही.

भात झाला की पहिला वाडगा सासऱ्याला, मग सासूला, मग हाकसूला, मग मुलांना. माझ्या तळाला खरवड राहायची. तीत ती पाणी ओतून उकळायची, आणि तेही आधी सगळ्यांना द्यायची. उरलं तर चुलीपाशी उकिडवी बसून स्वतः प्यायची. पाच बाळंतपणं तिने अशी काढली. बाळंतिणीचं समुद्रशेवाळाचं सूप माझ्यातच शिजायचं. ते तिला थोडे दिवस मिळायचं. मग पुन्हा खरवडीचं पाणी.

मी स्वतःला सांगायचो, शिजवणं माझं काम, कुणाला काय द्यायचं ते वाढणारा ठरवतो. आता ते मला पटत नाही.

मुलं शहरात गेली. घरात गॅस आला, भाताला विजेचा कुकर आला. मला दोनच कामं उरली. थंडीच्या तोंडावर सोयाबीन उकळायचं, मग त्याच्या ढेपा बांधून आंबायला छताला टांगतात. आणि थंडीभर बैलाची हाडं उकळायची. माझ्या चुलीची ऊब जमिनीखालून शेजारच्या खोलीत जाते, म्हणून हाकसूने ती खोली मोडू दिली नाही. पहाटे चूल तोच पेटवतो.

बोंगिम वाकत गेली. मिरचीच्या रोपांत वाकायची ती वाकलेलीच घरी यायची. आमच्या गावात साऱ्याच म्हाताऱ्या अशा. कुणी त्याला आजार म्हणत नव्हतं.

मग देगू शहरात राहणारी धाकटी मुलगी यनजू तिला इस्पितळात घेऊन गेली. परत आल्यावर यनजूने बापाला समोर बसवलं.

"बाबा, आईची हाडं आतून पोकळ झालीत. ठेच लागली तरी मोडतील. डॉक्टरांनी गोळी दिलीय. आठवड्यातून एक, रविवारी. उठल्या उठल्या, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास ताठ बसायचं."

"बाजारात एक चांभार सांगत होता, या गोळ्यांनी जबडा सडतो," हाकसू म्हणाला.

"ते क्वचित कुणाला होतं. दात काढायचा असेल तर आधी सांगायचं, एवढंच. हाड मोडणं क्वचित होत नाही, बाबा."

हाकसू उठला. पुढच्या बाजाराला बैलाच्या पायाची हाडं घेऊन आला आणि माझ्यापुढे टाकली.

"हाडाला हाड लागतं," तो बायकोला म्हणाला. "कारखान्यातली गोळी नाही. हा हंडा आहे ना."

हे ऐकून मी फुगलो. खरं तेच सांगतो. इतक्या वर्षांत या घरात कुणी माझं नाव घेऊन असं बोललं नव्हतं. मी जीव लावून उकळलो. हाकसू रात्रंदिवस लाकडं सारत होता. पहिलं पाणी काढलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं. सूप दुधासारखं पांढरं आलं.

"बघ," हाकसू म्हणाला. "हाडच उतरलंय."

मला ठाऊक होतं काय उतरलंय. मज्जा, चरबी, चव. आतली हाडं मी शेवटपर्यंत पाहिली. हाड हाडातच होतं, माझ्या तळाशी. पण मी फुगलेला होतो.

पहिल्या रविवारी पहाटे बोंगिमने गोळी तळहातावर घेतली. हाकसूने गरम सुपाचा वाडगा पुढे केला. तिने त्याबरोबरच गोळी गिळली. हाडाची गोळी, हाडाचं सूप, दोन्ही एकाच कामाला. आणि आमच्याकडे सूप पिण्याला कुणी खाणं म्हणत नाही. खाणं म्हणजे भात. तिच्या मते पोट उपाशीच होतं.

मग तिची पाठ भरून आली. जमीन माझ्या चुलीने छान तापली होती. ती आडवी झाली.

थोड्या वेळात छातीत निखारा ठेवल्यासारखं झालं. ती उठून बसली, पाणी प्यायली, कुणाला काही बोलली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच. दुपारपर्यंत तिला थुंकी गिळवेना.

तिसऱ्या रविवारी ती माझ्यापुढे उकिडवी बसली. हाकसू सरपण आणायला गेला होता. तिने गोळी निखाऱ्यात टाकली आणि वरून राख सारली.

तेवढ्यात फोन वाजला.

"आई, घेतलीस?"

"घेतली गं. रोज काय विचारतेस?"

"रोज कुठे? रविवारीच विचारते."

फोन ठेवून तिने फडकं घेतलं आणि माझं झाकण पुसलं. ते स्वच्छच होतं.

त्यानंतर दर रविवारी गोळी चुलीत, फोनवर होकार आणि मग झाकण. मुलीने सुट्टी काढून नेलं, रांगेत उभी राहिली, आणि आपण तिच्याशी खोटं बोलतो, हे तिला खात होतं. पण छातीतल्या आगीची भीती मोठी होती, आणि आता सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागणार होतं. गोळी माझ्या बुडाखाली जळत होती. मी वर तिच्यासाठी सूप तापवत होतो.

शेजारच्या म्हातारीचं माहेर हादोंगचं, म्हणून सारं गाव तिला हादोंगवाली म्हणतं. तिलाही तीच गोळी मिळाली होती आणि तिने ती कपाटात ठेवून दिली होती. एकदा ती सूप प्यायला आली.

"यनजूची आई, खरं सांग. तू घेतेस ना ती? तुला काही झालं?"

बोंगिमने वाडग्यात बघितलं. "मला काय होतंय?"

"जबडा?"

"जबडा सडला असता तर तुझ्याशी इतकी बडबड केली असती का मी?"

हादोंगवाली हसली. "मग मी पण घेते. तू मेलीस तर थांबवेन."

ती गेल्यावर बोंगिमने वाडग्याला तोंड लावलं नाही. सूप गार झालं.

हादोंगवालीने गोळी सुरू केली. साध्या पाण्याबरोबर, कारण तिच्या घरी सूप करायला कुणी उरलं नव्हतं. तिला काही झालं नाही.

पुन्हा थंडी पडू लागली. सोयाबीन उकळायचा दिवस आला. बोंगिमने बिया शिजल्या का ते बघायला माझं झाकण उचललं. माझं झाकण बिडाचं, जड. तिने ते हजारदा उचललं असेल. या वेळी अर्ध्यावर आलं आणि तिच्या पाठीतून वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. आवाज बारीक होता. हाकसूला ऐकू गेला नाही. मला गेला.

झाकण माझ्यावर पडलं. ती जमिनीवर बसली. ओरडली नाही. म्हणाली, "अहो, बिया करपतील, लाकडं ओढा."

इस्पितळातून ती पाठीला पट्टा बांधून आली. मणका दबला होता, न पडताच, नुसतं झाकण उचलल्याने. यनजू आली. हादोंगवाली भोपळ्याची लापशी घेऊन आली. सगळे माझ्या उबेवर, त्याच खोलीत बसले. दार उघडं होतं.

"घ्या," हाकसू म्हणाला. "महिन्यामागून महिने गोळ्या खाल्ल्या. मोडायचं ते मोडलंच ना? सांगत होतो मी."

"बाबा, गोळीला वेळ लागतो."

"वेळ. तिचं वय बघ."

हादोंगवालीने लापशी खाली ठेवली. "खरं सांगू का यनजू, मी आज सकाळी घेतली नाही. तुझी आई इतकी नेमाने घेत होती, तरी तिचं हे झालं. मग मी कशाला घेऊ? उरलेल्या गोळ्या कोंबड्यांना टाकते. निदान अंडी तरी घट्ट येतील."

 बोंगिमचा हात पट्ट्यावर होता. मी तिच्याकडे बघत होतो. गप्प राहिली असती तर तिचं खोटं कुणाला कधी कळलं नसतं. फक्त हादोंगवालीचं हाड मोडलं असतं.

"टाकू नकोस," बोंगिम म्हणाली. "मी घेतल्या नाहीत."

"काय?"

"दोन घेतल्या. बाकीच्या चुलीत टाकल्या. हंड्याखाली." ती मुलीकडे बघत नव्हती. "तू फोन करायचीस तेव्हा खोटं बोलायची. हिलाही खोटं सांगितलं. छातीत जळायचं गं. आतून सोलल्यासारखं."

यनजूचा चेहरा लाल झाला. मला वाटलं ओरडेल. पण तिने विचारलं, "कशाबरोबर घेतलीस?"

"सुपाबरोबर."

"आणि मग?"

"पाठ भरून आली होती. जमीन गरम होती. पडले."

यनजूने डोळे मिटले. "आई, आडवी झालीस की ती गोळी घशाखाली अडकते आणि जाळते. आणि सुपाबरोबर घेतली तर अंगाला लागतच नाही. म्हणून ताठ बसायचं, म्हणून साधं पाणी. मी सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतंस. उपाशीपोटी म्हणालीस. मी उपाशीच होते. भात कुठे खाल्ला होता?"

"मी समोर बसून घ्यायला लावायला हवी होती," यनजू हळू म्हणाली. "फोनवर काय दिसतं?"

 हाकसूची नजर माझ्यावर होती. वाडगा त्याने पुढे केला होता, जमीन त्याने तापवली होती. पण सूप माझं होतं, ऊब माझी होती.  चूक कबूल करणारा माणूस नाही तो. मीही नाही. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो.

यनजूने तीन वाटा सांगितल्या. जळलेलं बरं झाल्याचं डॉक्टरांनी पाहिलं की पुन्हा गोळी, पण नीट. नाहीतर सहा महिन्यांनी एक सुई, जी कधीच चुकवायची नाही. नाहीतर काहीच नाही, आणि पुढचा मणका.

"मला भीती वाटते," बोंगिम म्हणाली. एवढंच.

तिने बरेच दिवस काही ठरवलं नाही. डॉक्टरांनी घसा बघून होकार दिला, तरी गोळ्यांचं पाकीट माझ्या शेजारच्या फळीवर तसंच पडून होतं. झाकण पुसायला तिला आता वाकता येत नव्हतं. माझ्यावर धूळ बसली.

मग एका रविवारी पहाटे हाकसू स्वयंपाकघरात आला आणि त्याने चूल पेटवली नाही. माझ्या आयुष्यात थंडीतली अशी पहाट मी पाहिली नव्हती. त्याने नळाचं पाणी पेल्यात घेतलं आणि तो ओटीवर गेला. बोंगिम तिथे गोधडी गुंडाळून बसली होती. तिनेच हादोंगवालीला हाक मारून बोलावलं होतं.

"चूल का नाही पेटवली?" तिने विचारलं.

"जमीन गरम असली की तू पडतेस."

"थंडीने मरेन."

"अर्ध्या तासात नाही मरत कुणी."

बोंगिमने पेला बघितला. "एवढं पाणी? बैल आहे का मी?"

"पी."

गोळी तिच्या तळहातावर होती.  हादोंगवालीने आपली गोळी बाहेर काढली.

"तू घेतलीस तर मी घेते," ती म्हणाली. "आणि या वेळी मी बघणार. तुझ्या तोंडावर माझा भरवसा नाही."

बोंगिमने तिच्याकडे बघितलं. मग गोळी तोंडात टाकली आणि सगळं पाणी प्यायली. हादोंगवालीनेही गिळली. दोघी भिंतीला न टेकता बसून राहिल्या.

"टेकू नकोस."

"टेकले नाही. पाठच तशी आहे माझी."

"तुझी पाठ मला माहीत आहे. टेकलीस तू."

वेळ झाल्यावर हाकसूने चूल पेटवली. हाडं नव्हती, साधं सोयाबीनचं सूप होतं, त्यात पनीरसारखे सोयाचे तुकडे. पहिला वाडगा त्याने भरला आणि बोंगिमपुढे ठेवला.

"आधी तुम्ही," ती म्हणाली.

"गार होईल," तो म्हणाला, आणि स्वतःचा वाडगा घ्यायला उशीर करत राहिला.

तिने पहिला घोट घेतला. माझ्यातलं पहिलं वाढण तिच्या पोटात जायला इतकी वर्षं लागली.

छातीत जळलं नाही. त्यानंतर दर रविवारी पहाटे मी थंड असतो. तिची पाठ सरळ होणार नाही. गेलेलं हाड मी परत देऊ शकत नाही, आणि ते जाताना मी तिथेच होतो, हे माझ्या बिडातून निघत नाही. झाकण आता हाकसू पुसतो. नीट पुसत नाही. त्यात चेहरा दिसत नाही. बरंच आहे.

तुमच्या घरी असा एखादा जुना हंडा असेल तर त्याच्याकडून ऊब घ्या, भात घ्या, थंडीत सूप घ्या. ते आम्ही मरेपर्यंत देऊ. पण हाड मागू नका. ते आमच्यापाशी नाही. आणि जी रोज वाढते, तिला आधी वाढा.